शेजाऱ्यांचा चषक

बॉस्टनमध्ये फेब्रुवारीचे पहिले दोन सोमवार फारसे कामाचे नसतात. ऑफिसं उघडी असतात, मीटिंगाही होतात. पण चार वाजल्यानंतर कोणी नवा विषय काढला, तर लोक त्याच्याकडे सुतकात पेढे वाटणाऱ्याकडे बघावं तसं बघतात. संध्याकाळी नॉर्थ स्टेशनकडे जाणारी लोकल चार तऱ्हेच्या जर्सींनी भरते: हार्वर्डची किरमिजी, बॉस्टन युनिव्हर्सिटीची लाल-पांढरी, बॉस्टन कॉलेजची मरून-सोनेरी आणि आमच्या नॉर्थईस्टर्नची लाल-काळी. सगळे निघालेले असतात टीडी गार्डन या स्टेडियमकडे, बीनपॉट बघायला.

बीनपॉट म्हणजे एकाच शहरातल्या या चार कॉलेजांची आइस हॉकी स्पर्धा. पहिल्या सोमवारी दोन सामने. दुसऱ्या सोमवारी आधी हरलेल्या दोघांचा तिसऱ्या नंबरासाठी सामना, मग जिंकलेल्यांचा अंतिम. चषकाचा घाट घेवडा शिजवायच्या मडक्याचा.

वर्ध्याला दादाला हे पहिल्यांदा फोनवर सांगितलं, तेव्हा त्याने मुद्द्याचंच विचारलं, "मंग जिंकून भेटते काय?"

"मडकं."

"अन् पुढं? नॅशनलले जाते का तो संघ?"

"नाही दादा. नॅशनलचं वेगळं असतं."

"मंग कायले येवढा जीव काढून ऱ्हायले बाप्पा?"

प्रश्न रास्त होता. कॉलेज हॉकीची राष्ट्रीय स्पर्धा एनसीएए ही संस्था भरवते. बॉस्टन युनिव्हर्सिटी आणि बॉस्टन कॉलेज यांनी ती पाच-पाच वेळा जिंकली आहे, हार्वर्डने १९८९ साली एकदा. नॉर्थईस्टर्नच्या पुरुष संघाने एकदाही नाही. बीनपॉट जिंकून तिथलं दार उघडत नाही. तरी या गावात जन्मलेल्या माणसाला तुमच्या कॉलेजने राष्ट्रीय विजेतेपद कधी जिंकलं ते विचारा, तो आठवायला लागेल. बीनपॉटचं विचारा, तो गोल कोणी मारला आणि आपण कुठल्या रांगेत बसलो होतो तेही सांगेल.

स्पर्धेचा जन्म मात्र अगदी व्यापारी कारणाने झाला. नाताळ आणि नववर्ष यांच्या मधल्या दिवसांत कॉलेजं बंद, बॉस्टन अरीनातलं बर्फाचं मैदान रिकामं. १९१० साली उभी राहिलेली ही इमारत चालवायची तर तिकिटं खपायला हवीत. क्रीडासंकुलांचे कारभारी वॉल्टर ब्राउन यांनी शहरातल्या चार संघांना एकत्र आणलं आणि १९५२ च्या २६ आणि २७ डिसेंबरला पहिली स्पर्धा झाली. हार्वर्ड जिंकलं. दुसरी स्पर्धा १९५४ च्या जानेवारीत मोठ्या बॉस्टन गार्डनमध्ये गेली, पुढे फेब्रुवारीचे सोमवार ठरून गेले. रिकाम्या तारखा भरायला काढलेली स्पर्धा अशी शहराच्या पंचांगात जाऊन बसली.

मडक्याची गोष्ट हॉकीहून जुनी आहे. इथे वसलेले प्युरिटन लोक रविवारी चूल पेटवत नसत. म्हणून शनिवारी मडक्यात घेवडा, डुकराचं खारवलेलं मांस आणि काकवी घालून ते रात्रभर भट्टीच्या मंद आचेवर ठेवायचं. काकवी यायची कॅरिबियन बेटांवरच्या ऊसमळ्यांतून, गुलामांच्या घामावर. तिच्यापासून इथे रम गाळली जाई, ती आफ्रिकेच्या किनाऱ्यावर जाई, तिथून माणसं विकत घेतली जात. पदार्थ गोड, त्याचा इतिहास मुळीच गोड नाही. शहराला काकवीने एकदा थेट बुडवलंही: १५ जानेवारी १९१९ रोजी नॉर्थ एंडमधली तिची प्रचंड टाकी फुटली आणि लाटेत २१ माणसं मेली. आज ज्या टीडी गार्डनमध्ये आम्ही मडक्यासाठी घसा फोडतो, तिथून ती जागा चालत जाण्याच्या अंतरावर आहे.

राष्ट्रीय चषक मोठा की हा, याचा निकाल मला १९७८ सालातच लागलेला दिसतो. ६ फेब्रुवारीला पहिल्या फेरीचे सामने चालू असताना बाहेर बर्फाचं वादळ घोंघावत होतं. शहरावर सुमारे ६९ सेंटिमीटर बर्फ साचलं, रस्त्यांवर हजारो गाड्या गाडल्या गेल्या. बॉस्टन गार्डनमध्ये अडकलेल्या काही प्रेक्षकांनी खुर्च्यांवरच झोपून, कॅन्टीनमधले हॉट डॉग खाऊन दिवस काढले. अंतिम सामना १ मार्चवर गेला. बॉस्टन युनिव्हर्सिटीने हार्वर्डला ७-१ असं हरवलं. याच संघाने त्याच महिन्यात अंतिम सामन्यात बॉस्टन कॉलेजला हरवून राष्ट्रीय विजेतेपदही मिळवलं. त्यातले जिम क्रेग, जॅक ओ'कॅलहन आणि डेव्ह सिल्क दोन वर्षांनी लेक प्लॅसिडच्या ऑलिंपिकमध्ये सोव्हिएत संघाला हरवणाऱ्या अमेरिकन संघात होते. एवढं सगळं असूनही त्या पिढीतले म्हातारे बोलायला लागले की ऑलिंपिकआधी हॉट डॉग येतात. गार्डनमध्ये अडकलो होतो असं सांगणाऱ्या माणसांची संख्या दरवर्षी वाढते आहे, असं इथले लोकच हसत म्हणतात.

आता आमच्या नॉर्थईस्टर्नविषयी. सेवाग्रामला इंजिनिअरिंग करून मी एमएससाठी इथे आलो. हार्वर्ड १६३६ चं. नॉर्थईस्टर्नची सुरुवात १८९८ साली वायएमसीएतल्या संध्याकाळच्या वर्गांतून झाली, दिवसा नोकरी करणाऱ्या मुलांसाठी. बीनपॉटमध्येही तेच उशिरा आलेल्याचं नशीब. पहिला चषक हाती यायला अठ्ठाविसावी स्पर्धा उजाडली: १९८० साली वेन टर्नरने जादा वेळेत गोल मारून बॉस्टन कॉलेजला ५-४ हरवलं. त्यानंतर १९८४, ८५, ८८. मग जे थांबलं ते थांबलंच. मी आलो तेव्हा लॅबमधला एक वयस्क सहकारी दर फेब्रुवारीत लाल-काळा मफलर गुंडाळून जायचा आणि मंगळवारी त्याविषयी कोणी काही विचारायचं नाही, असा अलिखित नियम होता.

विदर्भातल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. अनुशेष हा शब्द आम्ही शाळेच्या पुस्तकाआधी पेपरात वाचलेला. क्रिकेटमध्येही तेच. विदर्भाचा संघ १९५७-५८ पासून रणजी खेळत होता आणि मुंबईचे लोक आमच्याशी सामना म्हणजे सरावाची सोय समजत. वर्ध्याच्या कॉमर्स आणि सायन्स कॉलेजांत एकमेकांविरुद्ध जेवढा आवेश असे, तेवढा विदर्भाच्या संघासाठी मी कोणात पाहिला नव्हता, कारण जिंकण्याची सवयच नव्हती.

आणि मग २०१८ चा हिवाळा आला. १ जानेवारीला इंदूरच्या होळकर स्टेडियमवर विदर्भाने दिल्लीला नऊ गडी राखून हरवलं आणि पहिल्यांदा रणजी जिंकली. कर्णधार फैज फझल, प्रशिक्षक चंद्रकांत पंडित, आणि रजनीश गुरबानीची हॅटट्रिक. बॉस्टनमध्ये तेव्हा नववर्षाची पहाट होती, हाडं गोठवणारी थंडी होती, आणि मी फोनवर धावफलक बघत स्वयंपाकघरात एकटाच ओरडत होतो. सहा आठवड्यांनी, १२ फेब्रुवारीला, नॉर्थईस्टर्नने अंतिम सामन्यात बॉस्टन युनिव्हर्सिटीला ५-२ हरवलं. तीस वर्षांनी चषक आला. ॲडम गॉडेटची हॅटट्रिक. म्हणजे दोन्हीकडे अनुशेष, दोन्हीकडे हॅटट्रिक. पुढच्या वर्षी तर कमालच: ७ फेब्रुवारी २०१९ ला विदर्भाने नागपुरात सौराष्ट्राला हरवून रणजी राखली आणि चारच दिवसांनी नॉर्थईस्टर्नने बॉस्टन कॉलेजला ४-२ हरवून बीनपॉट राखला. मी ज्योतिष मानत नाही. पण दादाने तेव्हा म्हटलं की, "तुह्या कॉलेजची पत्रिका आपल्याच जोश्यानं मांडली असन," तर मी वाद घातला नाही.

२०१८ च्या त्या मंगळवारी मफलरवाला सहकारी लॅबमध्ये आला आणि त्याने माझ्याशी पहिल्यांदा कामाखेरीज काही बोलणं काढलं. तो १९८८ सालचं सांगत होता, मी इंदूरचं. रणजी म्हणजे काय हे त्याला ठाऊक नव्हतं, वर्षानुवर्षं थांबणं म्हणजे काय हे चांगलंच ठाऊक होतं.

बायकांची बीनपॉट १९७९ पासून चालू आहे, पण तिचा अंतिम सामना टीडी गार्डनमध्ये व्हायला २०२४ चा जानेवारी यावा लागला. दहा हजारांवर लोक आले, नॉर्थईस्टर्नच्या मुलींनी जादा वेळेत बॉस्टन युनिव्हर्सिटीला २-१ हरवलं. त्या रात्री माझी मुलगी घसा बसेपर्यंत ओरडली, आणि पंचेचाळीस वर्षं ही मोठी जागा का दिली नाही, असं घरी येताना मला विचारत राहिली. तिच्या या रागातून मला कळलं की ती इथलीच झाली आहे. बाहेरचा माणूस शहराचं कौतुक करतो. रागवायचा हक्क घरच्यांना असतो.

मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात आम्ही सगळे एका पंगतीला बसतो, नागपूरकर, पुणेकर, कोल्हापूरकर. फेब्रुवारीत मात्र नवी फाळणी होते, आणि ती गावावरून होत नाही. ज्याच्या मुलाची फी ज्या कॉलेजात जाते, त्याची निष्ठा तिकडे. भारत-ऑस्ट्रेलिया सामन्याला एका सोफ्यावर बसणारी दोन घरं त्या सोमवारी एकमेकांना टोमणे पाठवत असतात. मला हे आवडतं. परदेशात आपण बराच काळ पाहुण्यासारखे वागतो: सगळ्यांशी गोड, कोणाचीच बाजू नाही. देशाचा पासपोर्ट मिळाला तरी ही पाहुणेपणाची सवय जात नाही. ती जाते गावातल्या एखाद्या बिनमहत्त्वाच्या भांडणात एक बाजू घेतल्यावर, ती बाजू हरल्यावर, आणि पुढच्या वर्षी पुन्हा तिचंच तिकीट काढल्यावर.

दादाच्या प्रश्नाचं उत्तर मी आता देऊ शकतो. राष्ट्रीय चषक जिंकला तर ज्यांना हरवलं ते विमानाने आपल्या राज्यात निघून जातात. बीनपॉट जिंकला तर हरलेला मंगळवारी सकाळी आपल्याच ऑफिसात, आपल्यासमोरच्या टेबलावर असतो. एवढं सुख कुठल्याही नॅशनलमध्ये नाही.