उत्पन्न काय? शून्य!

विमा कंपनीच्या वकिलांनी उलटतपासणीत मला पहिला प्रश्न विचारला, "अपघाताच्या वेळी तुमचं उत्पन्न किती होतं?" मी म्हणालो, "काहीच नाही." दुसऱ्या प्रश्नाला त्यांनी माझी गुणपत्रिका पुढे धरली. "अपघातानंतर पास झालात ना? मग नुकसान कसलं?"

शेगावच्या गजानन महाराज अभियांत्रिकी महाविद्यालयात मी मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला होतो. मित्राच्या गाडीवर डबलसीट निघालो होतो, खामगाव रोडवर मालवाहू पिकअपने मागून ठोकलं. उजव्या कोपराचे तुकडे झाले. प्लेट बसली, पण हात आजही पूर्ण सरळ होत नाही.

बाबा दर्यापूरहून आले तेव्हा एवढंच म्हणाले, "पोट्टं वाचलं, पुरे झालं. कोर्टाच्या पायऱ्या कायले चढाच्या?" दवाखान्यात मात्र एक अनोळखी गृहस्थ आधीच हजर होते, 'पैसे मिळाले की तीस टक्के आमचे' म्हणत. भरपाईत असा वाटा मागायला वकिलाला मनाई आहे, हे मला खामगावच्या आमच्या वकीलबाईंनी नंतर सांगितलं.

खरी मदत झाली मेसवाल्या काकूंची. मेडिकलच्या पावत्यांची शाई काही महिन्यांत उडते, म्हणून त्यांनी प्रत्येक पावतीची झेरॉक्स काढायला लावली. तपासणीच्या दिवशी मूळ पावत्यांपैकी निम्म्या कोऱ्या झाल्या होत्या! औषधांचा खर्च सिद्ध झाला तो त्या झेरॉक्सवर.

आणखी एक गोष्ट ऐकून मी हादरलो. पिकअप नसता आणि मित्राचीच गाडी घसरली असती, तर त्याच्या नुसत्या थर्ड पार्टी पॉलिसीतून मला, मागे बसणाऱ्याला, विमा कंपनीकडून एक रुपया मिळाला नसता. हॉस्टेलमधल्या अर्ध्या गाड्यांना तेवढीच पॉलिसी असते.

'शून्य उत्पन्ना'ला वकीलबाईंचं उत्तर होतं सर्वोच्च न्यायालयाचा 2010 सालचा अरविंदकुमार मिश्रा निकाल. तोही मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाचाच विद्यार्थी. अपघातात त्याचा उजवा हात गेला. तो काय कमावत होता यापेक्षा काय कमावू शकला असता, हे न्यायालयाने पाहिलं आणि महिना पाच हजार उत्पन्न धरलं. माझं पंधरा हजार धरलं गेलं, त्यावर भविष्यातल्या वाढीचे 40 टक्के. वय 21, म्हणून वार्षिक उत्पन्नाला गुणक 18. घासाघीस झाली ती टक्केवारीवर. दाखल्यात हाताचं अपंगत्व 35 टक्के होतं, पण कमाईवरचा परिणाम न्यायाधीशांनी 20 टक्केच मानला. हिशेब आला नऊ लाख सात हजार दोनशे, दवाखान्याचा खर्च वेगळा. मला तो कमी वाटतो. कारखान्याच्या शॉप फ्लोअरवरची नोकरी मला मिळत नाही. डिझाइनच्या टेबलावरच बसावं लागतं, आणि ते टेबल मी निवडलेलं नाही.

शेगावात बाहेरगावचीच पोरं जास्त. अपघात इथे झाला म्हणून दावा खामगावलाच लावावा लागतो असं नाही. तुम्ही राहता तिथल्या मोटार अपघात दावा प्राधिकरणातही लावता येतो. फक्त गुन्ह्याची नोंद लगेच करा. आणि 1 एप्रिल 2022 पासून कायद्यात दाव्याला सहा महिन्यांची मुदत घातली आहे, तेव्हा परीक्षा झाल्यावर बघू म्हणून थांबू नका.