खुणेची फांदी

माझे बालपण आफ्रिकेत, केनिया देशात गेले. वडील नैरोबीला रेल्वेच्या कचेरीत हिशेबनीस होते आणि मामा तेथून सुमारे एकशे साठ किलोमीटरांवर, नाकुरू या गावी शिक्षक होते. ईस्टरची सुट्टी लागली, की दादा आणि मी मामांकडे जात असू. इकडची मुले आजोळी आंबे खायला जातात. आम्ही मोटारी पाहायला जात होतो. कारण ईस्टरच्या त्या चार-पाच दिवसांतच सफारी रॅली निघत असे.

ही शर्यत १९५३ साली सुरू झाली. त्या वर्षी इंग्लंडच्या राणीचा राज्याभिषेक झाला, म्हणून आरंभी तिचे नावही त्या सोहळ्याशी जोडलेले होते. केनिया, युगांडा आणि टांगानिका या तीन देशांतून तिची वाट जाई. पुढे ती केनियापुरतीच उरली, तरी लांबी काही हजार किलोमीटर भरेच. नियम वरवर पाहता सोपा होता. वाटेत ठरावीक चौक्या असत; त्यांवर ठरलेल्या वेळी पोहोचायचे. जितकी मिनिटे उशीर, तितका दंड. ज्याचा दंड सर्वांत कमी, तो विजयी. परंतु ती वाट कसली होती म्हणता! कोठे फुफाटा, कोठे दगडगोटे, कोठे धुके, तर कोठे चाकाचा अर्धा भाग गिळणारा चिखल. शर्यतीसाठी रस्ते बंद केलेले नसत. वळण घ्यावे, तो समोर गाईंचा कळप नाही तर भरलेला ट्रक उभा! जंगली जनावरेही आडवी येत. म्हणून मोटारींच्या तोंडाशी भक्कम लोखंडी दांडे बसवलेले असत. १९६३ आणि १९६८ या दोन्ही वर्षी शेवटपर्यंत पोहोचलेल्या मोटारी सात-सातच होत्या. युरोपातले नामांकित चालक मोठ्या दिमाखाने येत आणि हात हलवीत परत जात. १९७२ साली फिनलंडचा हान्नू मिक्कोला जिंकला, तोवर बाहेरून आलेल्या एकालाही हा मान मिळाला नव्हता.

आम्हां मुलांचे दैवत म्हणजे जोगिंदर सिंग. केनियातच जन्मलेला हा शीख गृहस्थ हाडाचा मोटार-कारागीर होता. १९६५ साली त्याने आपला भाऊ जसवंत याला शेजारी बसवून एका जुन्या, वापरलेल्या व्होल्वो मोटारीत सफारी जिंकली. स्वाहिली भाषेत सिंहाला ‘सिंबा’ म्हणतात. त्यामुळे या सिंगाचा ‘सिंबा’ व्हायला वेळ लागला नाही. खेड्यापाड्यांतली माणसे मैलोगणती चालत येऊन रस्त्याच्या कडेला बसत आणि त्याची मोटार दिसली, की ‘सिंबा! सिंबा!’ असा एकच गजर होई. दुसरा आमचा लाडका शेखर मेहता. युगांडात हुकूमशहाने भारतीय वंशाच्या लोकांना हाकलून दिले, तेव्हा तोही केनियात आला. १९७३ साली त्याचा आणि स्वीडनच्या हॅरी शेलस्ट्रोमचा दंड अगदी सारखा भरला. तेव्हा एकही दंड न होता अधिक दूरवर कोण गेला होता, हे पाहून मेहताला विजयी ठरवण्यात आले. पुढे त्याने ही शर्यत एकूण पाच वेळा जिंकली.

दादाला मात्र यातले काहीच मान्य नव्हते. तो माझ्याहून तीन वर्षांनी मोठा, आणि त्याची सारी भक्ती बंदिस्त मार्गावरच्या शर्यतींवर, म्हणजे फॉर्म्युला वनवर होती. ऑस्ट्रियाचा निकी लाउडा १९७५ साली विश्वविजेता झाला, तेव्हापासून दादाच्या वहीच्या प्रत्येक पानावर लाल फेरारी उमटू लागली होती.

“अरे, तुझे रॅलीवाले एकेकटे धावतात,” तो म्हणे. “शेजारी कोणी नाही, मागे कोणी नाही. लाउडाच्या दोन्ही बाजूंना हातभर अंतरावर दुसऱ्या मोटारी असतात. एकच वळण तो सत्तर वेळा घेतो आणि सत्तरही वेळा त्याच जागी ब्रेक लावतो. एकदा वीतभर चूक झाली, की मागचा पुढे गेलाच!”

“आणि सिंबाला पुढचे वळण ठाऊक तरी असते का?” मी चिडून विचारी. “काल पाऊस पडला, तर कालची वाट आज राहत नाही.”

हा वाद जेवताना, झोपताना, अगदी आंघोळीच्या रांगेतही चाले. मामा हसत, पण मध्ये पडत नसत.

१९७६ सालच्या ईस्टरला घडलेली गोष्ट सांगायची, म्हणून एवढे सारे लिहिले. त्या वर्षी दादाने रॅली पाहायला यायचेच नाकारले. मामा, मी आणि शेजारची दोन मुले असे आम्ही पहाटेच निघालो. मामांनी निवडलेली जागा एका ओहोळाच्या उताराची होती. तेथील जमीन आपल्या विदर्भ-मराठवाड्यातल्यासारखीच काळीभोर. ओली झाली, की साबणासारखी निसरडी. ओहोळात पाणी गुडघाभरच होते. पण डाव्या अंगाला पाण्याखाली एक खोल खड्डा पडलेला होता. तो कळावा म्हणून गावकऱ्यांनी त्यात एक हिरवी फांदी रोवून ठेवली होती.

मामा वरच्या झाडाखाली चहाची बाटली उघडून ओळखीच्या माणसांशी बोलत बसले. आम्ही तिघे पाण्याजवळ उतरलो. एक मोटार आली, फांदी पाहून उजवीकडून गेली. दुसरी आली, तीही तशीच. तिसरी, चौथी… सगळ्या उजवीकडून, अलगद. आम्हांला काही मजा येईना. आम्ही काय पाहायला आलो होतो? उडणारे पाणी, घसरणारी मोटार, चाकांची घरघर! तेव्हा आमच्यापैकी एकजण म्हणाला, “ती फांदी नसती तर?” बोलला तो; उपटली मी.

पुढची मोटार आली ती थेट डावीकडे घुसली. केवढा तरी मोठा आवाज झाला, पाण्याचा फवारा उडाला, आणि क्षणभर आम्ही आनंदाने ओरडलोही. मग आवाज थांबला. मोटारीचे तोंड पाण्यात गेले होते आणि मागचे एक चाक हवेत फिरत होते. दारावरचा क्रमांक चिखलाने असा माखला होता, की ती कोणाची हे आम्हांला कळले नाही. आतून दोन माणसे उतरली. चालकाच्या कपाळातून रक्त येत होते. दुसरा, त्याला वाट सांगणारा, कमरेइतक्या पाण्यात उभा राहून एक वही डोक्यावर धरून होता. त्या दोघांनी काही आठवडे आधी ती सारी वाट फिरून एकेक वळण त्या वहीत टिपून घेतले असले पाहिजे. हे मला आता कळते. तेव्हा मला फक्त एवढेच दिसले, की स्वतः भिजला तरी तो वही भिजू देत नाही.

वरून माणसे धावत आली. केनियात जड ओझे ढकलताना सगळे मिळून ‘हरांबे!’ असा पुकारा करतात. तसा पुकारा करीत वीस-पंचवीस माणसांनी खांदे लावले. मीही लावला. माझ्या छातीत असे धडधडत होते, की तो पुकारा मला ऐकू येईनासा झाला. बऱ्याच वेळाने मोटार पैलतीरी निघाली. चालक आत बसून इंजिन चालू करू लागला. त्याचा सोबती मात्र बसता बसता थबकला. काठावर पडलेली फांदी त्याने पाहिली होती. तिच्या बुंध्याचा चिखल अजून ओला होता. त्याने फांदीकडे पाहिले, मग आम्हां तिघांकडे. तो रागावला नाही, काही बोललाही नाही. परत पाण्यात शिरला, फांदी होती त्या खड्ड्यात घट्ट रोवली, हाताने हलवून पाहिली, आणि मग धावत जाऊन मोटारीत बसला. तोवर आणखी एक मिनिट गेले असेल. मागून येणाऱ्या मोटारी त्याच्या प्रतिस्पर्ध्यांच्याच होत्या.

रात्री जेवताना मामांनी दादाला सगळी हकीकत सांगितली. “बिचाऱ्यांना खड्डाच दिसला नाही,” ते म्हणाले.

दादाला तर पर्वणीच! “पाहिलेस? एवढा मोठा खड्डा दिसत नाही, आणि म्हणे मोठे चालक! लाउडा असता तर गेला असता का त्यात?”

आयुष्यात प्रथमच मी दादाला उत्तर दिले नाही. उत्तर माझ्याजवळ होते. पण त्या चालकाचा दोष नव्हता असे म्हणायचे, तर दोष कोणाचा हेही सांगावे लागले असते. मी भात चिवडत बसलो. मी हरलो असे दादाला वाटले.

मामांना काय जाणवले कोण जाणे. त्या रात्री ते प्रथमच आमच्या वादात बोलले. त्यांनी स्टर्लिंग मॉसची गोष्ट सांगितली. मॉस हा बंदिस्त मार्गावरचा थोर इंग्रज चालक. १९५२ साली तो माँटे कार्लो रॅलीत उतरला आणि दुसरा आला. १९५५ साली इटलीतल्या ‘मिल्ले मिल्या’ या शर्यतीत तो मर्सिडीज घेऊन धावला. ब्रेशा शहरातून रोमला जायचे आणि परत यायचे, अशी ती सोळाशे किलोमीटरांची, साध्या रस्त्यांवरची शर्यत. शेजारी डेनिस जेंकिन्सन नावाचा दाढीवाला पत्रकार बसला होता. त्याने वाटेतली सगळी अवघड वळणे कागदाच्या एका लांबलचक गुंडाळीवर लिहून ती एका डबीत बसवली होती. इंजिनाच्या गर्जनेत बोललेले ऐकू येईना, म्हणून तो गुंडाळी फिरवीत हातांनी खुणा करी. पुढे टेकाड आहे, पलीकडचे काही दिसत नाही, आणि शेजारचा माणूस खूण करतो, की जाऊ दे भरधाव! मॉसने जाऊ दिली. दहा तास सात मिनिटे अठ्ठेचाळीस सेकंदांत त्याने ती शर्यत जिंकली.

“म्हणजे तो तुमच्यापैकी कोणाचा?” मामांनी विचारले. दादा लगेच म्हणाला, “माझा!” मी गप्पच होतो. माझ्या डोळ्यांपुढे दुसरीच एक वही होती.

त्या वर्षी जोगिंदर सिंगाने तिसऱ्यांदा सफारी जिंकली. पण ऑगस्टमध्ये दादावर आकाश कोसळले. जर्मनीतल्या न्यूरबुर्गरिंगच्या शर्यतीत लाउडाची मोटार पेटली आणि तो भयंकर भाजला. सहा आठवड्यांनी तो पट्ट्या बांधलेल्या डोक्याने पुन्हा शर्यतीत उतरला आणि चौथा आला. मग ऑक्टोबरात, जपानमधल्या शेवटच्या शर्यतीत मुसळधार पाऊस लागला, तेव्हा दोनच फेऱ्या करून तो आपण होऊन थांबला आणि केवळ एका गुणाने विश्वविजेतेपद गमावून बसला. दादा त्या रात्री रडला. मी त्याच्या शेजारी बसून राहिलो. वाद घालायला ती उत्तम संधी होती. पण मला ती नको होती.

पुढे आम्ही महाराष्ट्रात परतलो, मोठे झालो. वाद मात्र संपला नाही. आमच्या दैवतांची जागा नवी माणसे घेत गेली. फिनलंडचा किमी रायकोनेन २००७ साली फॉर्म्युला वनचा विश्वविजेता झाला आणि २०१० व २०११ ही दोन वर्षे रॅलीत उतरला. एवढा वेगवान माणूस, पण त्याला पाचव्या क्रमांकाच्या वर जाता आले नाही. मी दादाला मुद्दाम दूरध्वनी केला. उलट, नऊ वेळा रॅलीचा विश्वविजेता ठरलेला फ्रान्सचा सेबास्तियाँ लोब २००८ साली बार्सिलोनाला फॉर्म्युला वनची मोटार चालवायला बसला आणि सरावात आठव्या क्रमांकाची वेळ देऊन गेला. तेव्हाही मी दूरध्वनी केला होता! दादाचे म्हणणे, सराव म्हणजे शर्यत नव्हे. खरे म्हणाल, तर तेही बरोबरच होते. सर्किटवर घसरणे म्हणजे वेळ घालवणे. रॅलीचा चालक मात्र वळण उजवीकडचे असले, तर मोटारीला आधी क्षणभर डावीकडे झोकून देतो आणि त्या हिसक्यानेच तिला वळवतो. एकाचे डोळे ठाऊक असलेली वाट दर वेळी अधिक नेमकी पाहतात. दुसऱ्याचे कान न दिसणारी वाट ऐकतात. तरीही कोणी मला विचारलेच, तर मी रॅलीच्या चालकाचेच नाव घेईन. त्यात थोडा पक्षपात आहे, हे कबूल.

प्रेक्षकांविषयी मात्र मला पक्षपात करता येत नाही. १९८६ साली पोर्तुगालच्या रॅलीत लोक रस्त्यावर इतके पुढे आले होते, की भरधाव मोटार त्यांच्यात घुसली आणि तिघे जिवाला मुकले. ती बातमी वाचली, त्या दिवशी मला जेवण गेले नाही.

२०२१ सालच्या जूनमध्ये सफारी रॅली कित्येक वर्षांनी जागतिक स्पर्धेत परत आली. आता ती नैवाशाच्या आसपास, बंद केलेल्या रस्त्यांवर होते. त्या वर्षी कसोटीचे अंतरही तीनशे किलोमीटरांहून थोडेच अधिक होते. दादा पुण्याला माझ्याकडे आला होता. आम्ही दोघे म्हातारे दूरदर्शनसंचासमोर बसून आमच्या बालपणीची धूळ पाहत होतो. फ्रान्सचा सेबास्तियाँ ओजिए जिंकला. एका दृश्यात मोटार पाण्यातून गेली आणि दादा हसत म्हणाला, “आठवते? तुझ्या त्या वीराला खड्डा दिसला नव्हता!”

“दादा,” मी म्हणालो, “तेथे एक फांदी होती. ती मी उपटली होती.”

दादा बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिला. मग त्याने आवाज कमी केला आणि माझ्याकडे वळून म्हणाला, “आणि पुन्हा रोवली कोणी?”

मी त्याला सांगू लागलो.