बाजूची कमान

बुटीबोरीच्या एमआयडीसीत एका कुंपणालगत पुरलेली पाण्याची लाइन शोधत होतो. काळी माती, वर पाऊस पडून गेलेला; अशा ओल्या चिकणमातीत जमिनीखालचं दाखवणारं रडार जेमतेम हातभर उतरतं. तरी पडद्यावर एक ठसठशीत कमान उमटली. मी खडूने फुली मारली. "इथं खणा."

हाताखालची पोरगी पडद्यावरून नजर हलवेना. "काऊन जी सर, हे कमान एवढी पसरट? हा त हवेतला वेग आहे. पाइप नाही, शेडचा पत्रा आहे तो."

मोजलं. नॅनोसेकंदाला 0.3 मीटर. मातीत हा वेग कुठून येणार? फुली बुटाने पुसली.

हिमालयातल्या एका हिमनदीवर मी अशीच एक फुली मारून आलोय. बर्फातला वेग 0.168 धरला की 3,200 नॅनोसेकंदांनी परतलेली लहर 270 मीटरवर तळ सांगते. छोटा शिग्री हिमनदीवर 2009 साली मोजलेली कमाल जाडी याच घरातली. गणित सोपं आहे. लहर तळावरूनच आली कशावरून, हे मात्र गणित सांगत नाही. अंटार्क्टिकावाल्यांचं बरं असतं. थंड कोरडा बर्फ, तीन-चार किलोमीटर आरपार, आणि बहुतेक ठिकाणी आजूबाजूला डोंगर नाही. आमची हिमनदी अरुंद दरीत. ओल्या बर्फासाठी 5 मेगाहर्ट्‌झवर उतरावं, तर ते रडार ओळंब्यासारखं सरळ खाली बघत नाही. जी भिंत जवळ, तिचा निरोप आधी. मायग्रेशन, म्हणजे लहरी मूळ जागी परत बसवायचा हिशेब, केलं, पण लांबीच्या रेषेवर आडवीकडून आलेली लहर त्या हिशेबाला ओळखू येत नाही. रात्र-रात्र तो पट्टा पाहिला. एका जागी तळ पुसट होता आणि त्याच्या वर एक सुरेख, सलग रेघ. मी सुरेख रेघ घेतली.

सोबतचे हातोडा मारून जिओफोनवर कंपनं ऐकणारे भुसभुशीत हिम उकरत बसायचे, मी हसायचो. त्यांचा तळ माझ्यापेक्षा पन्नासेक मीटर खोल निघाला. सेकंदाला 3,800 मीटरने धावणारी त्यांची लहरही भिंतींना फसते, हे मी अहवालात आवर्जून लिहिलं. नकाशात माझी रेघ ठळक छापली, त्यांची तुटक.

आता उपग्रहावरून हिमनदीचा उतार आणि वेग बघून घरबसल्या जाडी काढणारी मंडळी आहेत. मला त्यांचा राग येतो. पण त्यांची सूत्रं जुळवायला लागतात आमच्यासारख्यांच्याच रेघा, आणि तिथे मला गप्प बसावं लागतं.

परतताना गाडीत पोरीने विचारलं, "सर, बर्फात त सगळं साफ दिसत असन नं?"

"एकदम साफ," मी म्हणालो.