वेल्डरचा हात

माझे मामा जहाजांवर वेल्डर होते. ठिणग्यांनी त्यांच्या दोन्ही हातांवर बारीक पांढरे डाग पडले होते. लहानपणी एकदा त्यांनी मला जोडलेल्या दोन पत्र्यांवरून बोट फिरवायला लावलं. माशाच्या खवल्यांसारख्या एकसारख्या लाटा बोटाला लागल्या. "इथं सुईएवढं भोक राहिलं तरी समुद्र ते शोधून काढतो," मामा म्हणाले.

भारती शिपयार्डचं नाव निघालं की मामांनी दाखवलेला तो जोड आठवतो. 1973 साली सुरू झालेल्या या मुंबईच्या कंपनीने रत्नागिरी, दाभोळपासून मंगळूरपर्यंत यार्डं उभारली. गुजरातेत एबीजी शिपयार्ड तशीच वाढली. 2009 साली ग्रेट ऑफशोअर ही कंपनी ताब्यात घ्यायला दोघींत चुरस लागली आणि भारतीने बाजी मारली. दहाच वर्षांनी, 2019 मध्ये, दोन्ही कंपन्या मोडीत काढण्याचे आदेश निघाले.

जहाज बांधायला वर्ष-दोन वर्षं लागतात. मालक टप्प्याटप्प्याने पैसे देतो, मधल्या काळातलं पोलाद आणि इंजिनं कर्जावर येतात. 2008 च्या मंदीनंतर जहाजांची भाडी कोसळली, ऑर्डरी रद्द होऊ लागल्या. जहाजबांधणीला मिळणारं सरकारचं 30 टक्के अनुदान ऑगस्ट 2007 नंतरच्या करारांना आधीच बंद झालं होतं. अर्धवट सांगाडा स्लिपवेवर, म्हणजे जहाज बांधून पाण्यात सोडायच्या उतारावर, अडकला की पुढच्या जहाजाला जागा उरत नाही, व्याज मात्र रोज चढत राहतं. एबीजीवर तर 2022 साली सीबीआयने 22,842 कोटींच्या बँक फसवणुकीचा गुन्हा नोंदवला.

कंपनी मोडीत निघाली की जमीन, क्रेन, पोलाद सगळ्याची यादी होते, किंमत लागते. वेल्डरचा हात त्या यादीत नसतो. तो तयार व्हायला दहा-बारा वर्षं जातात आणि काम थांबलं की तो मिळेल त्या वाटेला लागतो. मामांच्या हाताखाली शिकलेली पोरं आज आखातात पाइपलाइन जोडतात. त्यांचं पोट भरतं, पण ती विद्या आपल्या किनाऱ्यावरून गेली.

सप्टेंबर 2025 मध्ये केंद्राने जहाजबांधणी आणि सागरी क्षेत्रासाठी 69,725 कोटींचं पॅकेज मंजूर केलं. नवी यार्डं जरूर उभी राहावीत. पण क्रेनची ऑर्डर देण्याआधी त्या पोरांना परत बोलवा, आणि जहाज अर्ध्यावर असतानाही त्यांचा पगार वेळेवर होईल एवढी सोय आधी करा.