मान आणि हप्ता

चिपळूणच्या बाजारपेठेत मोबाइलच्या दुकानात चार्जरची वायर घ्यायला गेलो होतो. शेजारी कॉलेजातला एक मुलगा नव्या फोनसाठी कव्हर बघत होता. दुकानदाराने जाड, काळं कव्हर पुढे केलं. "हे घे, जिन्यावरून पडला तरी काय व्हायचं नाही." मुलाने ते हातातसुद्धा घेतलं नाही. त्याला पारदर्शकच हवं होतं. मागचं सफरचंद दिसलं पाहिजे! ते लवकर पिवळं पडतं, असं दुकानदाराने बजावलं. "पडू दे, तेव्हा दुसरं घेऊ."

फोनची पुढची बाजू मालकाची, मागची गावाची. आरशापुढे उभं राहून काढलेल्या फोटोत अर्धा चेहरा फोनआड जातो आणि त्याचं कुणाला काही वाटत नाही. दाखवायचं ते दाखवून झालेलं असतं. ज्याला हे परवडत नाही त्याच्यासाठी साध्या फोनवर चिकटवायची तीन भिंगांची नक्कलही मिळते.

2025 च्या सप्टेंबरात आयफोन 17 आला तेव्हा आपल्याकडे त्याची किंमत 82,900 रुपयांपासून सुरू होत होती. मुंबईत बीकेसीच्या दुकानाबाहेर पहिल्याच दिवशी रांगेत धक्काबुक्की झाली. त्या वर्षी महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी होती दिवसाला 312 रुपये. म्हणजे एक पैसाही खर्च न करता 266 दिवस राबायचं, आणि केंद्राच्या कायद्याची हमी तेव्हा होती वर्षाला 100 दिवसांची.

पण रोख मोजून फोन घेतो कोण? आधार, पॅन, सिबिल बघितलं की दुकानातच कर्ज मंजूर. 'नो कॉस्ट' हप्ता म्हणजे व्याज नाहीच, अशी पुष्कळांची समजूत असते. शून्य टक्के व्याज असं काही नसतंच, हे रिझर्व्ह बँकेने 2013 मध्येच बँकांना सुनावलं होतं. ते व्याज कधी न मिळालेल्या सवलतीत असतं, कधी प्रोसेसिंग फीच्या नावाने येतं. मुलाची कमाई नसेल तर कर्ज बापाच्या नावावर. मग लोट्याच्या एमआयडीसीत कंत्राटावर असलेला बाप स्वतः काच तडकलेला फोन वापरत हप्ते फेडतो.

आता यावर आम्ही वडीलधारे तोंड भरून बोलतो. 'आमच्या वेळी' वगैरे. आमच्या वेळी काय होतं? मुंबईचा चाकरमानी गणपतीला यायचा तो मनगटावर एचएमटीचं घड्याळ आणि खांद्याला ट्रान्झिस्टर लावून. बाहीची घडी घड्याळाच्या वरच थांबायची. फरक इतकाच, की ट्रान्झिस्टर ओटीवर लागला की सगळी वाडी ऐकायची.

आणि मानापानाचं तर आम्ही बोलूच नये. शिमग्यात पालखी आधी कुणाच्या दारात, पहिला नारळ कुणाच्या हातात, यावरून कोकणात भावकी फुटली आहे, वाद पोलिसांपर्यंत गेले आहेत. गावच्या जमिनीवरची खोतांची सत्ता, म्हणजे खोती, मोडण्यासाठी डॉ. आंबेडकरांनी 1937 मध्ये मुंबईच्या विधिमंडळात विधेयक मांडलं, प्रत्यक्ष कायदा व्हायला 1949 उजाडलं. कागदावरची खोती गेली. पण आडनाव सांगितलं की समोरचा मनातल्या मनात आपल्याला कुठे बसवायचं ते अजून ठरवतोच. हा मान जन्माने मिळतो किंवा मिळत नाही. फोनचा मान मात्र डाउन पेमेंट भरून मिळतो. ज्या पोराच्या घराण्याच्या वाट्याला कधी नारळ आला नाही, त्याला हा सौदा महाग वाटत नसेल तर त्याला मूर्ख म्हणायला माझी जीभ रेटत नाही. अर्थात पालखीचा मान पिढ्यान् पिढ्या टिकतो. फोनचा पुढच्या सप्टेंबरात शिळा होतो, हप्ते मात्र चालूच असतात.

22 जुलै 2021 ला वाशिष्ठी नदी याच बाजारपेठेत शिरली, तेव्हा लोक माळ्यांवर, गच्च्यांवर अडकून पडले होते. वीज गेली, नेटवर्क गेलं. दहा हजारांचा फोन आणि लाखाचा फोन सारखेच मुके. या पुरानंतर तरी वस्तूंचा सोस कमी होईल असं मला वाटलं होतं. तसं काही झालं नाही. झालं नाही तेही बरोबरच म्हणायचं: दुकानातला माल, फर्निचर, लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरातली पुस्तकं पाण्यात गेली, आणि खिशातला फोन तेवढा मालकाबरोबर वर चढला. या गावात वाढलेल्या पोराने आपली ऐपत खिशात बाळगावी, यात कुठेतरी हिशेब आहे.

मला खुपतं ते वेगळंच. पावसाळ्यात सवतसड्याच्या धबधब्यावर पोरापोरींची झुंबड उडते. सगळ्यांचा मिळून फोटो काढायची वेळ आली की बाकीचे फोन आपोआप खिशात जातात. फोटो ज्याच्याकडे आयफोन असेल त्यानेच काढायचा. आपलाही कॅमेरा बरा आहे, हे सांगायची कुणाची छाती होत नाही. मग "एअरड्रॉप कर" म्हणून आयफोनवाले दोघं-तिघं त्याच्याभोवती गोळा होतात, तिथल्या तिथे फोटो घेतात, हसतात, त्यातला कुठला टाकायचा ते ठरवतात. उरलेले ओल्या कपड्यांनी मक्याची कणसं खात उभे असतात. त्यातल्या एकीने विचारलंच, "आम्हाला?"

"तुम्हाला व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतो ना. घरी गेल्यावर."