तीस सेकंदांचा निवेदक

प्रसारमाध्यमांच्या भाषेची अभ्यासपत्रिका शिकवताना आम्हांला एका नीरस कायद्याचा नाद लागला. अमेरिकेतील 1934 च्या दळणवळण कायद्याचे 315 वे कलम. 1971 साली त्यात अशी तरतूद आली, की प्राथमिक निवडणुकीपूर्वीचे 45 आणि मुख्य निवडणुकीपूर्वीचे 60 दिवस नभोवाणी वा दूरचित्रवाणी केंद्राने उमेदवाराकडून त्या वेळेचा, त्या वर्गातला सर्वांत कमी दरच घ्यावा. साबणाचा कारखानदार वर्षभराच्या जाहिराती घाऊक घेऊन जी सवलत मिळवतो, ती एकच जाहिरात घेणाऱ्या उमेदवारालाही मिळावी, हा हेतू.

सारी मेख 'वर्ग' या शब्दात आहे. (शब्दच्छल ही केवळ आम्हां भाषावाल्यांची मिरास नव्हे!) स्वस्त वर्गातली जाहिरात, जास्त पैसे देणारा आला की हटवली जाते. साबणाला ती पुढच्या आठवड्यात लावली तरी चालते; उमेदवाराला मतदानानंतरच्या जाहिरातीचा काय उपयोग? तो निमूटपणे महाग वर्ग घेतो. 1990 साली तिथल्या आयोगाने काही केंद्रांची तपासणी केली, तेव्हा अनेक ठिकाणी उमेदवारांनी व्यापाऱ्यांहून अधिक पैसे मोजल्याचे आढळले.

आम्हांला खरे गुंतवले ते 2002 च्या दुरुस्तीने. प्रतिस्पर्ध्याचा उल्लेख करणाऱ्या जाहिरातीत उमेदवाराने स्वतःची ओळख देऊन 'हे मला मान्य आहे' असे सांगितले नाही, तर त्याला सवलतीचा हक्क राहत नाही. नभोवाणीवर तर ते त्याच्याच आवाजात हवे. निवेदकाच्या विश्वासार्हतेवर आम्ही तासच्या तास खर्च करतो. इथे प्रथमपुरुषी निवेदनाला रोख किंमत आहे. उमेदवाराबाहेरच्या गटांना, म्हणजे 2010 नंतर फोफावलेल्या 'सुपर पॅक'ना, ही सवलत नाही. केंद्र मागेल तो दर ते देतात आणि पैसा असल्याने देऊ शकतात. म्हणजे बोलणाऱ्याने समोर यावे म्हणून ठेवलेले आमिष, पडद्याआडून बोलणाऱ्या धनवंताला अडवू शकत नाही. या उणिवेपुढे कायद्याची सदिच्छा आम्हांला दुबळी वाटते.

आपल्याकडे 1998 पासून आकाशवाणी-दूरदर्शनवर मान्यताप्राप्त पक्षांना प्रचारासाठी विनामूल्य वेळ मिळतो. काही मिनिटे सर्वांना सारखी, उरलेली मागच्या निवडणुकीतील मतांच्या प्रमाणात. रुपयांऐवजी जुनी मते, एवढाच फरक. अपक्षाला त्यात जागा नाही. अमेरिकेतला अपक्ष मात्र, कायद्याने पात्र उमेदवार असला, की त्याच नीचतम दराचा हक्कदार ठरतो. पैसे तेवढे त्याने आणायचे.