पडत पडत चालणं

गेल्या तीन महिन्यांत एकही वीकांत माझा नव्हता. ऑगस्टमध्ये बाबा बाथरूममध्ये घसरले आणि डाव्या खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, आत रॉड बसला. डॉक्टर म्हणाले, "हाड छान बसलंय, आता चालवा त्यांना."

चालवा! किती सोपं वाक्य. मी इंजिनियरिंगला रोबोटिक्सचा विषय घेतला होता, परीक्षेच्या आदल्या रात्री तूनळीवर चालणाऱ्या रोबोंच्या चित्रफिती बघण्यात घालवल्या होत्या. म्हटलं, हे काम आपलंच.

तर सीन असा. हॉलमध्ये बाबा वॉकर धरून उभे आणि शेजारी मी. "बाबा, वॉकर पुढे. थांबा. आता डावा पाय. टेकला? वजन हातांवर. आता उजवा." बाबा बिचारे एकेक सूचना पाळत होते. गुडघे वाकलेले, नजर फरशीवर, मान ताठ, वॉकर असा आवळलेला की बोटं पांढरी पडावीत. पलंगापासून बाल्कनी चौदा फूट, पण पोचेपर्यंत घामाघूम. चौथ्या दिवशी बाबा भडकले. "अरे, मी माणूस आहे का तुझं मशीन?"

तेव्हा हसलो, पण रात्री ते वाक्य डोक्यातून जाईना. कारण बाबा खरंच एका मशीनसारखे चालत होते, आणि ते मशीन मला चांगलं माहीत होतं.

होंडा कंपनीने 1986 मध्ये दोन पायांवर चालणारं यंत्र बनवायला घेतलं. पहिल्या यंत्राला एका पावलाला जवळजवळ पाच सेकंद लागत. का? तर तोल एका क्षणासाठीही जाता कामा नये. आधी सगळं वजन एका पायावर घ्यायचं, खात्री करायची, मग दुसरा उचलायचा. पुढे त्यांचं गणित खूप सुधारलं आणि 2000 साली असिमो आला. तो जिने चढायचा, हात हलवायचा, जगभर फिरला. पण नीट बघा, चालताना त्याचे गुडघे कायम वाकलेले, जणू आत्ता खुर्चीत बसणार आहे. पाऊल पूर्ण टेकलेलं हवं, पुढची हालचाल आधीच मोजलेली हवी. आणि एवढं करूनही 2006 साली एका प्रात्यक्षिकात जिना चढताना तो पडलाच. 2022 मध्ये तो निवृत्त झाला.

गंमत म्हणजे आपण असे चालतच नाही. टेकलेल्या पायावरून शरीर पुढे कलतं, म्हणजे आपण चक्क पडायला लागतो, आणि मागचा पाय झुलत पुढे येऊन आपल्याला झेलतो. मग पुन्हा पडणं, पुन्हा झेलणं. प्रत्येक पावलासाठी मेंदूला विचारावंही लागत नाही. 1911 साली थॉमस ग्रॅहम ब्राऊन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने दाखवलं, की मज्जारज्जू कापून मेंदूशी संबंध तोडलेल्या मांजराच्या मागच्या पायांचे स्नायूही चालण्याच्या लयीत आळीपाळीने काम करतात. (बिचारं मांजर!) लय मणक्यातच असते. वरून फक्त "चल", "जरा जोरात" एवढा हुकूम येतो. 2007 साली स्वित्झर्लंडमध्ये आउके आयस्पेर्ट यांच्या गटाने सॅलमँडर या पालीसारख्या दिसणाऱ्या उभयचर प्राण्याच्या धर्तीवर एक रोबो केला. त्याच्या 'मणक्यात' अशीच लय बसवली होती. वरून येणारा इशारा हलका असला की तो चालायचा, इशारा वाढवला की पोहायला लागायचा. आमच्या हापिसच्या भाषेत सांगायचं तर चांगला मॅनेजर प्रत्येक पावलाला मीटिंग बोलावत नाही :)

मार्क रायबर्टने 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला कार्नेगी मेलन विद्यापीठात याहून धाडसी गोष्ट केली. त्याने एकाच पायाचं यंत्र बनवलं. ते कांगारूसारखं उड्या मारत जायचं. एक पाय, म्हणजे नुसतं उभं राहणं शक्यच नाही, थांबलं की आडवं. त्यामुळे 'पडायचं नाही' हा प्रश्नच निकालात निघाला. उरला एकच प्रश्न, पुढचं पाऊल कुठे टाकायचं? याच रायबर्टने पुढे बोस्टन डायनॅमिक्स काढली आणि 2005 मध्ये बिगडॉग हा चार पायांचा रोबो आला. त्याला एक माणूस कडेने सणसणीत लाथ मारतो ती चित्रफीत आम्ही होस्टेलवर दहादा पाहिली असेल. ते धूड कोलमडतं, पाय वेडेवाकडे फेकतं आणि पुन्हा चालू लागतं. तेव्हा नुसती कीव आली होती. आता कळतं, की ते पडण्याशी भांडत नव्हतं, जिकडे पडतंय तिकडे पाय टाकत होतं.

आणि सगळ्यावर कडी म्हणजे टॅड मॅकगिअर. 1990 साली कॅनडातल्या या इंजिनियरने मोटर नाही, बॅटरी नाही, कॉम्प्युटर नाही असे नुसते पाय बनवून दाखवले. किंचित उतारावर सोडले की गुरुत्वाकर्षणाच्या जोरावर आपोआप चालतात. लहानपणी बाबांनी मला जत्रेतून एक प्लॅस्टिकचं बदक आणलं होतं, पाट तिरका धरला की टुकूटुकू चालत खाली यायचं. तीच कल्पना. अशा खेळण्याचं एक अमेरिकन पेटंट तर 1888 सालचं आहे. याच विचाराने पुढे जाऊन कॉर्नेल विद्यापीठात अँडी रुइना यांच्या गटाने रेंजर नावाचा, छोट्या मोटरी लावलेला रोबो केला. 2011 च्या मे महिन्यात तो एका चार्जिंगवर 65 किलोमीटर चालला. जवळजवळ 31 तास आणि 1,86,076 पावलं! असिमोची बॅटरी साधारण तासाभराची. जो पडायला घाबरत नाही, त्याला चालायला फार कमी ताकद लागते.

हे सगळं मी घरी येणाऱ्या फिजिओथेरपिस्ट मुलीला उत्साहाने सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "दादा, ते बरोबर आहे. पण आधी तुम्ही काकांना सूचना देणं बंद करा."

मग तिने वॉकरची उंची थोडी वाढवली आणि म्हणाली, "काका, पायांकडे बघू नका. समोरच्या बाल्कनीतल्या तुळशीकडे बघा. तुम्ही एस्टीत होतात ना? कुठली गाडी चालवायचात?"

झालं! बाबा सुरू झाले. पुणे-महाड, भोरवरून वरंधा घाट, पावसाळ्यातलं धुकं, दरडी. भोर येईपर्यंत बाबा बाल्कनीत पोचले होते. गुडघे जरा सरळ, मान वर. त्यांचं त्यांनाच हसू आलं. "बरोबर आहे. ड्रायव्हर कधी चाकाकडे बघतो काय?"

गोष्ट इथे संपवली असती तर छान वाटलं असतं. पण आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही. बाबांचा कट्टा खाली, पिंपळाच्या पारावर. वॉकर गेला, काठी आली, बाबा घरात व्यवस्थित फिरू लागले, पण दाराबाहेर पाऊल टाकेनात. आणि जिन्यावर मॅकगिअरचं यंत्र काही कामाचं नाही. त्याला मध्ये थांबता येत नाही, चढता येत नाही. जिन्यावर असिमोसारखंच एकेक पाऊल मोजून टाकावं लागतं. चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. म्हणजे मी ज्याला नावं ठेवत होतो, तेही हवंच होतं.

एका रात्री बाबा हळूच म्हणाले, "पुन्हा पडलो तर रे?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. 2019 साली झुरिकच्या संशोधकांनी अनिमल नावाच्या चार पायांच्या रोबोला असंच शिकवलं. आधी कॉम्प्युटरमधल्या खोट्या जगात त्याला वाटेल तितक्या वेळा पडू दिलं, पडून उठायलाही तिथेच शिकवलं, आणि मग ती अक्कल खऱ्या रोबोत घातली. यंत्राचं पडणं म्हणजे विदा. बाबांचं पडणं म्हणजे पुन्हा हॉस्पिटल. त्यांना एकही चूक परवडणारी नाही, आणि मी आपला त्यांना 'पडायला घाबरू नका' शिकवायला निघालो होतो. पायाने नाही झेललं तर झेलणारं दुसरं कुणीतरी हवं, एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नव्हती.

गेल्या रविवारी आम्ही खाली गेलो. एका हातात कठडा, एका हातात काठी, आणि त्यांच्या एक पायरी खाली मी, तोंड बंद ठेवून. एकोणीस मिनिटं लागली. पारावर चहा झाला, कट्टेकऱ्यांनी भरपूर टिंगल केली, बाबांनी तितकीच परत केली.

वर येताना मी त्यांच्या मागे होतो. दुसऱ्या मजल्यावर बाबा थांबले. धाप लागली होती. मी काही बोललो नाही.

"काय रे, आज कमांड नाही?"

"नाही."

"मग हात तरी दे."

दिला.